कामदाराच्या उपरण्यावरचा डाग

खून तुम्ही केलेत, हुकूम. "आमलीखेड्यात गोळीबार झाला" असं तुमच्या मुनशीने कागदावर लिहिलं, आणि पुढे छापणाऱ्यांनीही तसंच छापलं. पाऊस होतो, गारपीट होते. गोळीबार होत नसतो, तो कुणीतरी करायला लावतो. तुम्ही लावलात. अठरा माणसं मारलीत. त्यांत सात बायका, आणि त्या सातांत माझी थोरली बहीण जडाव.

आता तुमचं राज्य गेलं, राजाला हुकूम म्हणायची आमची सवय तेवढी राहिली. दरबार भरत नाही, तोफ वाजत नाही. तुमच्या महालात परगावचे पाहुणे पैसे देऊन उतरतात आणि तुम्ही त्यांना वाघांच्या गोष्टी सांगता, असं ऐकतो. सांगा. मलाही एक गोष्ट सांगायची आहे. मला लिहिता येत नव्हतं तेव्हा तुमच्या माणसांनी माझा अंगठा धरून कागदावर दाबला. पुढे तुमच्याच तुरुंगात, एका मास्तर कैद्याजवळ बसून, कोळशाने फरशीवर अक्षरं गिरवून मी शिकलो. म्हणून आज स्वतःच्या हाताने लिहितोय. चुका असतील तर अक्षरांच्या असतील. हकिकतीत चूक नाही.

आणि एक गोष्ट मी तीस वर्षांत कुणालाही सांगितलेली नाही. ती इथे लिहिणार आहे. ती लिहिल्याशिवाय मला तुम्हाला जे विचारायचंय ते विचारता येत नाही.

मोटारीपासून सुरू करतो, कारण तुम्हीही तिथूनच सुरू केलंत. राजधानीतून आमच्या बारा गावांकडे यायला वाट एकच, रातडी नाळ. दोन डोंगरांच्या मधली चिंचोळी गाडीवाट. तुम्हाला शिकारीला मोटारीतून यायचं होतं, म्हणून त्या नाळेत आम्ही दोन उन्हाळे बेगारीत राबलो. भाकरी घरची, घाम घरचा, रस्ता तुमचा. मग मोटार आली आणि तिच्या मागोमाग तिचा लाग, म्हणजे कर, आला. लाग आम्हाला नवे नव्हते. तुमच्याकडे मुलगा झाला की लाग, आमच्याकडे मुलगी उजवली की लाग, तुमचा हत्ती मेला की लाग. पण मोटार-लागाचं फर्मान ऐकलं आणि ऊंकार पटेल हसत सुटला. सत्तरीचा म्हातारा, बारा गावांचा पंच. हसता हसता त्याला ठसका लागला.

"अरे, धूळ आपण खायची आणि तिच्या तेलाचेही आपणच द्यायचे! उद्या तिचं जावळसुद्धा आपल्याच पैशाने काढतील!"

पंच बसतात तो सगळा चौथरा हसला. तुमच्या राज्यात बंड असं सुरू झालं, हुकूम. तुमच्या कागदात लिहिलंय की बाहेरच्या लोकांनी आम्हाला चिथावलं. बाहेरचा कुणी नव्हता. एक म्हातारा हसला, एवढंच झालं.

रस्ता आम्हीच बांधला होता, दगड कुठले ते आम्हाला माहीत होतं. एका दिवसात तेच दगड नाळेच्या तोंडाशी रचले, दोन पुरुष उंच. पलीकडे तुमची पलटण येऊन बसली. उंटावरून आणलेली तोफही होती, पण त्या वळणात तोफेला तोंड फिरवायला जागा नव्हती. आणि वर कड्यावर आमच्या बायका होत्या, गोफणी घेऊन.

त्यांची म्होरकी जडाव. आम्ही तिला जीजी म्हणायचो. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन ती माहेरी आली. त्याच वर्षी आई गेली. मी चार वर्षांचा होतो. मला तिनेच वाढवलं. अफूच्या शेतावर पोपट येतात, तुम्हाला माहीत नसेल. एकदा बोंडाची चटक लागली की ते दुसरं काही खात नाहीत, हाकललं तरी झिंगत परत येतात. त्या पोपटांवर गोफण चालवून चालवून जीजीचा नेम असा झाला होता की ती शिपायाच्या हातातली चिलीम उडवायची आणि बोटाला ओरखडा येऊ द्यायची नाही.

बावीस दिवस नाळ आमच्या ताब्यात होती. त्या बावीस दिवसांत एक माणूस मेला नाही, ना तुमचा ना आमचा. भूरी काकी कड्यावरून खाली ओरडायची, "ए शिपाईदादा, उन्हात बसू नको रे, काळा पडशील, मग पोरगी कोण देईल? पगार झाला का?"

खालून आवाज यायचा, "तीन महिने नाही झाला, काकी!"

"मग ये की इकडे! बोंडं चिरायला माणूस पाहिजे. भाकरी देते, वर कांदा देते!"

"कांदा नको, काकी, तुझी ती गोफणवाली आवर!"

असं चालायचं. हे तुमच्या कागदात कुठे नाही.

पण फागण संपत आला होता. शेतात अफू उभी होती, फुलं गळली होती, बोंडं भरली होती. बोंडाला चीर द्यायचे दिवस थोडे असतात. ते गेले की बोंड टणक होतं आणि चीक येत नाही. माझं सगळं लक्ष तिकडे होतं, हे कबूल करतो. रोज दुपारी मी नाळेतून खाली येऊन शेताच्या बांधावर उभा राहायचो, एखादं बोंड दोन बोटांत दाबून बघायचो, आणि परत जायचो. मनात एकच, हे लवकर मिटावं. कसंही मिटावं.

बाविसाव्या दिवशी सकाळी तुमचा कामदार, म्हणजे कारभारी, तखतमल आला. दगडांच्या फटीतून अंग चोरून, एकटा, हातात काठीसुद्धा नाही. अंगावर परीटघडीचं पांढरं उपरणं. चौथऱ्यावर बसला आणि म्हणाला, "मोटार-लाग माफ. कुणाला शिक्षा नाही, कुणावर खटला नाही. तुम्ही दगड काढा, पलटण माघारी जाईल. दरबारांच्या नावाने अमल घ्यायला आलोय."

अमलाची रीत तुम्हाला मी सांगायला नको, पण हे वाचणारे दुसरेही असतील. अफू पाण्यात कालवून, लोकरीच्या कापडातून गाळून करतात ते अमल. एकाने दुसऱ्याच्या तळहातातून ते प्यायलं की वैर संपलं. त्यानंतर जो हत्यार उचलेल त्याच्या घरचं पाणी कुणी पीत नाही. आमच्याकडे तीन पिढ्यांची खुनाची भांडणं अशी एका घोटात मिटलेली मी पाहिली आहेत. आणि यातलीच आणखी एक रीत आहे. समोरचा पीत असताना आपली नजर खाली ठेवायची. त्याच्या गळ्याकडे बघणं म्हणजे त्याच्या बोलावर शंका घेणं. पंगतीत पाहुण्याच्या पानातल्या भाकरी मोजाव्यात, तसलं ओंगळ.

अमल गाळायचं काम आमच्या घराकडे होतं. माझ्या आजाने केलं, बापाने केलं, त्या दिवशी मी केलं. मांडीशी भांडं घेऊन मी पटेलाच्या आणि कामदाराच्या मधोमध बसलो होतो.

पटेलाने विचारलं, "कामदारजी, तोंड तुमचं. बोल कुणाचा?"

"बोल दरबारांचा, पटेलबा. मी नुसतं तोंड घेऊन आलोय."

"बघा हं. आमच्याकडे देण्यासारखं एवढंच आहे."

आधी पटेल प्याला, कामदाराच्या तळहातातून. मग पटेलाने आपला हात पुढे केला. मी त्यात अमल ओतलं. सगळ्या चौथऱ्याने माना खाली घातल्या. कामदार वाकला.

मी बघितलं.

का बघितलं ते सांगता येत नाही. गाळणाऱ्याला भांड्याकडे बघावं लागतं, भांडं हाताजवळ होतं, हात त्याच्या तोंडाजवळ होता. कामदाराने ओठ लावले, अमल तोंडात घेतलं, मान वर केली. त्याच्या गळ्याची घाटी हलली नाही. मग त्याने उपरण्याचं टोक उचलून तोंडाला लावलं, तोंड पुसतात तसं, आणि जरा जास्तच वेळ तिथे धरलं. खाली आलं तेव्हा त्या परीटघडीच्या टोकावर रुपयाएवढा तपकिरी डाग होता. त्याने ते टोक मुठीत घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली.

तोवर चौथऱ्यावर गळाभेटी सुरू झाल्या होत्या. ऊंकार पटेल रडत होता. कुणीतरी ढोल आणायला धावलं. आणि मी भांडं विसळत बसलो.

का बोललो नाही? तीस वर्षं मी स्वतःला वेगवेगळी उत्तरं दिली. बोललो असतो तर पहिला प्रश्न आला असता, तू त्याच्या गळ्याकडे बघत होतास? सगळ्या गावात मी ओंगळ ठरलो असतो, आमच्या घराकडून भांडं गेलं असतं. हे एक. घोट मागाहून उतरला असेल, थोडंसं सांडलं असेल, असंही मी मनाला समजावलं. पण खरं उत्तर माझ्या शेतात उभं होतं. बोंडं पुढच्या आठवड्यात टणक होणार होती. मला मिटलेलं पाहिजे होतं, म्हणून मी ते मिटलं असं धरलं.

निरोप घेऊन कड्यावर मीच गेलो. जीजी दगडावर बसून गोफणीची दोरी वळत होती. भूरी काकी आणि दहाबारा जणी भोवती होत्या.

"मिटलं," मी म्हणालो. "कामदाराने अमल घेतलं. दगड काढायचेत."

"प्याला?" जीजीने विचारलं.

"प्याला."

"तखतमल? लग्नात पाणीसुद्धा घरून घेऊन येतो, तो आपल्या पटेलाच्या हातचं अमल प्याला?"

"दरबारांचा हुकूम असेल. प्याला."

"तू पाहिलंस?"

"असं बघतं का कुणी, जीजी?"

"गाळणारा तू. तुझं नाक त्याच्या मिशीत होतं. तू पाहिलंस का, एवढं विचारतेय."

"आता काय, त्याच्या दाढेत हात घालून बघू?" मी म्हणालो, आणि बायका हसल्या. भूरी काकी म्हणाली, "घाल बाबा, सोन्याचा दात असेल तर काढून आण!"

जीजी हसली नाही. "मोडू, माझ्याकडे बघून सांग."

मला तिने चार वर्षांचा असताना कडेवर घेतलं होतं. तापात माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्याकडे बघितलं, सरळ डोळ्यांत, आणि म्हणालो, "प्याला म्हटलं ना. ऊठ आता, बोंडं सुकताहेत."

ती उठली. गोफण गुंडाळून तिने माझ्या हातात दिली. "अमल झालं, आता ही माझ्याजवळ नको. घरी खुंटीला लाव." मग खाली उतरली आणि पहिला दगड तिनेच काढला. संध्याकाळपर्यंत नाळ मोकळी झाली. पलटण खरंच माघारी गेली. जाताना तो शिपाई भूरी काकीला ओरडून म्हणाला, "काकी, कांदा राहिला!"

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळी बारा गावं आपापल्या शेतात होती. अफू कशी चिरतात ते तुम्ही महालातून कधी पाहिलं नसेल. हातात चार पात्यांची छोटी सुरी असते, पातं बोटाच्या पेराएवढंही नाही. बोंडाला उभी चीर द्यायची आणि उलटं चालायचं, मागे मागे सरकत. पुढे चाललं तर चिरलेल्या बोंडांचा ताजा चीक अंगाला लागून जातो. म्हणून सगळं शेत मागे मागे चालत असतं, बायका, पुरुष, सगळे. मागे काय आहे ते कुणी बघत नाही. मागे आपलंच शेत असतं.

जीजीची पाठ नाळेकडे होती.

पहिला बार झाला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी पोपटांवर बंदूक उडवली. दुसऱ्या बाराला शेजारच्या शेतातला भाग्या खाली बसला, जसा माणूस काटा काढायला बसतो. मग मी वर बघितलं. नाळेच्या तोंडातून पलटण ओळीने आत आली होती, जिथे दोन दिवसांपूर्वी आमचे दगड होते. पुढची माणसं नवीन होती, कुठून मागवलेली कोण जाणे. पगार न झालेला तो शिपाई त्यांत नव्हता. मी जीजीकडे धावलो. ती बोंडांत पालथी पडली होती. दोन गोळ्या पाठीतून गेल्या होत्या. मी तिला उताणी केली तेव्हा तिचे डोळे उघडे होते आणि ती माझ्याकडे बघत होती. तिने काही विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिने विचारलं नाही. तिच्या मुठीत ती सुरी होती, आणि हाताला चीक लागलेला होता.

मला तिथेच धरलं. गोफण घरी खुंटीला होती.

चौकशीला गोरा साहेब आला. गावाबाहेर तंबू ठोकला. तुम्ही आला नाहीत, तुमची जबानी आली. मुनशीने ती वाचून दाखवली. रयत धारदार हत्यारं घेऊन पलटणीवर चालून आली, असं तुम्ही लिहिलं होतं. साहेबाच्या टेबलावर अठरा सुऱ्या मांडल्या होत्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधून. भूरी काकी उभी राहिली, "साहेब, याने वांगं तरी कापून दाखवा!" तिला बाहेर काढलं. पाठीतल्या गोळ्यांबद्दल कुणी विचारलं नाही. पाठ पुढे करून कोण चालून येतं, हे विचारायला तंबूत कुणाला तोंड नव्हतं.

मग मुनशीने पुढचं वाक्य वाचलं. ते मला पाठ आहे. "कामदार तखतमल याने अमल ओठास लावले, गिळले नाही, सबब करार झालाच नाही."

ऊंकार पटेल ताडकन उठला. "खोटं! माझ्या हातातून प्याला तो! या हातातून!" मग तो माझ्याकडे वळला. मी बेड्यांत होतो. "मोडू, तू गाळणारा. सांग साहेबाला. प्याला का नाही?"

मी काय सांगायचं होतं? खरं सांगितलं असतं तर तुमचं वाक्य खरं ठरलं असतं. मी म्हणालो, "प्याला, साहेब. मी पाहिलं."

मुनशी हसला. "म्हणजे गळ्याकडे टक लावून बसला होतास? ही तुमची रीत?"

सगळ्या गावाच्या माना खाली गेल्या. ज्या लाजेपायी मी त्या दिवशी गप्प बसलो होतो, ती लाज अशी आली. माझा अंगठा कागदावर दाबला, तीन वर्षांची कैद झाली. ऊंकार पटेल त्याच पावसाळ्यात गेला. मरताना म्हणाला म्हणे, "दरबारांनी अमल बाटवलं." अमल नव्हतंच, पटेलबा. मी तुम्हाला सांगायला हवं होतं.

तखतमलही त्याच वर्षी कार्तिकात पटकीने मेला. नाहीतर हा कागद मी त्याच्या दारात नेऊन टाकला असता.

तुरुंगातला मास्तर राजधानीचा होता, तखतमलच्या गल्लीतला. त्याने मला सांगितलं की आदल्या चातुर्मासात तखतमलने एका मुनींसमोर अफू पोटात घ्यायची नाही असा नेम घेतला होता. त्या दिवसापासून मला झोप नाही. तोवर मला वाटत होतं, तो डाग म्हणजे दगा. आता वाटतं, कदाचित तो एका माणसाचा नेम असेल. बिचारा हुकूम घेऊन आला, नेम मोडवेना, म्हणून उपरण्यात थुंकला.

म्हणून विचारतो, हुकूम. तो डाग मी पाहिला आणि मी कुणालाही सांगितलं नाही. बाकी सगळ्यांच्या माना खाली होत्या. तरी तुमच्या जबानीत ते वाक्य आलं. म्हणजे तुम्हाला ते तखतमलकडूनच कळलं होतं, किंवा तुम्हीच त्याला तसं सांगून पाठवलं होतं. दोन्हींतलं एकच खरं असणार.

पिऊ नको असं सांगून तुम्ही त्याला पाठवलं असेल, तर पलटण त्याच दिवशी निघाली होती, आणि त्या उपरण्यावर मी अठरा माणसांचं मरण बघितलं आणि भांडं विसळत बसलो. मग त्या खुनांत माझाही हात आहे, आणि मी ते चौथऱ्यावर उभा राहून बारा गावांना सांगेन. ते काय करायचं ते करोत. पण तुम्ही खऱ्या मनाने पाठवलं असेल, आणि त्याने परत येऊन आपल्या नेमाची हकिकत सांगितली असेल, आणि ती ऐकून तुम्हाला पळवाट दिसली असेल, तर मी पाहिला तो दगा नव्हता. दगा नंतर झाला, तुमच्या महालात, आणि तो सगळा तुमचा. जीजीच्या डोळ्यांत बघून मी खोटं बोललो ते तरीही माझंच राहील. ते तुमच्या उत्तराने पुसणार नाही, त्याची आशा मी धरलेली नाही.

तुम्ही ऐंशीला आलात. मीही साठीला टेकलोय. जाणणारा तिसरा कुणी उरलेला नाही. वकील नको, मुनशी नको, तुमच्या हाताने लिहा, मला आता वाचता येतं. अमल गिळलं नाही हे तुम्हाला कधी माहीत होतं? कामदार नाळेत शिरण्याआधी, की परत आल्यानंतर? आधी की नंतर, हुकूम?